जुना हँडहेल्ड जीपीएस बदलावा की दुरुस्त करून वापरावा? (अंतूर, वेताळवाडी, गौताळा भागात फिरणाऱ्यांचं मत हवंय)

घाटमाथा

मंडळी, नमस्कार. धागा जरा लांब होणार आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे २०१३ पासून गार्मिनचा ई-ट्रेक्स २० हा हातात धरायचा जीपीएस आहे. दोन डबल-ए सेलवर चालतो, पडदा २.२ इंची, कार्ड घालायची सोय आहे. यात होकायंत्र नाही आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटरही नाही. बारा वर्षांत अजिंठा डोंगररांगेत हा बरोबर नव्हता असा एकही रविवार मला आठवत नाही. अंतूर, लोंझा, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा, पितळखोऱ्याचा परिसर, सगळीकडचे ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटांच्या रेषा, यात आहेत.

मागच्या ऑक्टोबरात अंतूरला गेलो होतो. नागापूरकडून सडकेने न जाता पठारावरून चालत गेलो. ज्यांनी आपलं पठार पाऊस संपता संपता पाहिलंय त्यांना माहीत आहे, कुसळी गवत छातीपर्यंत येतं. सकाळी दवात ओलं असताना गवत आडवं झालेलं असतं, वाट स्पष्ट दिसते. दुपारी उन्हाने तेच गवत ताठ उभं राहतं आणि सकाळची वाट जागेवर नसतेच. त्यात ढोरवाटा. एका वाटेच्या तीन होतात, तिघींच्या सात. आणि पठार इतकं सपाट की उत्तरेला खानदेशाच्या बाजूला कडा तुटलाय हे दहा पावलांवर जाईपर्यंत कळत नाही.

परत येताना नेमक्या त्या जागी जीपीएस बंद पडला. सेल संपले. जास्तीचे दोन होते, पण ते उन्हाळ्यात चार्ज करून कपाटात टाकलेले. चार महिन्यांत तेही उतरले होते. चूक पूर्ण माझी. सोबत दोन कॉलेजची पोरं होती, त्यांची जबाबदारी माझ्यावर. अर्धा तास आम्ही एकाच ठिकाणाभोवती फिरत होतो. शेवटी एक गुराखी भेटला, चौदा-पंधरा वर्षांचा. आम्ही ज्या दिशेने निघालो होतो तिकडे बघून म्हणाला, "तिकडं कुठं चालले? तिकडं खाली काहीच नाही." त्याने नागापूरच्या रस्त्याला आणून सोडलं. जाताना हातातल्या यंत्राकडे बघून विचारलं, "यात आमची वाट दिसती का?"

गावात टपरीवरून साधे अल्कलाइन सेल घेतले, घातले, ट्रॅक सेव्ह केला. घरी आल्यावर यंत्र तसंच ठेवून दिलं. जानेवारीत उघडलं तर सेल पाझरलेले, स्प्रिंगवर पांढरट हिरवी पूड, चालूच होत नाही. एका दुकानात दाखवलं. त्यांनी झाकण न उघडताच नवीन घ्या म्हणून सांगितलं.

आता माझ्यापुढे वाटा अशा: हाच दुरुस्त करायचा, ई-ट्रेक्स ३२एक्स घ्यायचा, थोडे पैसे साठवून दोन फ्रिक्वेन्सीवाला जीपीएसमॅप ६५एस घ्यायचा, किंवा सगळं सोडून मोबाईल. तुम्ही काय वापरता आणि का, तेवढं सांगा.

टाकं_आणि_तट

आधी ते यंत्र फेकू नका हो! अल्कलाइन सेलमधून जे पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क. ते आम्लाने मरतं. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात जेमतेम ओली करा आणि फक्त स्प्रिंग व पट्टीवर फिरवा. बारीक फसफसेल, तेच हवंय. मग दुसरी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सगळं पुसून काढा आणि एक दिवस सावलीत उघडं ठेवा. नंतरही पट्टी काळी दिसली तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासा, धातू चकाकेपर्यंत. हातात मोजे घाला, ती पूड डोळ्यात जाऊ देऊ नका. यंत्र उलटं धरून काम करा म्हणजे रस आत उतरत नाही.

मी दोन टॉर्च आणि एक जीपीएस असे वाचवलेत. पट्टी पूर्ण खाल्लेली नसेल तर नव्वद टक्के चालू होईल.

डोंगरवेडा_जालना

मी सरळ सांगतो, मोबाईल पुरे. ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप टाका, महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या, रेंज नसली तरी चालतं. जीपीएसला नेटवर्क लागतं हा गैरसमज आहे, उपग्रहाचा सिग्नल फुकट आणि कायम असतो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये दोन फ्रिक्वेन्सीची चिप असते, पडदा सहा इंची. २.२ इंचात डोळे ताणायचे कशाला? पॉवर बँक घेतली की झालं. त्या पैशात चांगले बूट येतात.

बालाघाटी

+१ बुटांसाठी. बाकीच्याला अर्धं अनुमोदन.

जालनेकर भाऊ, मीही चार वर्षं फोनवरच होतो. धारूर, कपिलधार, नायगावचं मयूर अभयारण्य, सौताडा, सगळं फोनवर केलं. शहरालगतच्या सकाळच्या फेरीला फोनच बरा. पण एप्रिलमधला अनुभव सांगतो. बेचाळीस अंशांत फोन हातात धरून चालत होतो, नकाशा चालू, पडद्याचा उजेड पूर्ण. साडेअकराला फोन इतका तापला की त्याने स्वतःहून पडदा मंद केला, मग उन्हात काहीच दिसेना. हँडहेल्डच्या पडद्याचं उलट असतं. त्याला मागून दिवा लागत नाही, ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. आपल्या मराठवाड्याला हेच हवं.

दुसरं म्हणजे दरीत उतरलं की फोन टॉवर शोधत बसतो आणि त्यातच बॅटरी जाते. विमान मोड लावला तर वाचते, पण गडबडीत ते कोण लक्षात ठेवतं? कुणाचा पाय मोडला तर ११२ लावायला फोनच लागणार. तो फोन नकाशा दाखवून दाखवून दुपारीच संपलेला नको. म्हणून आता वाट दाखवायला हँडहेल्ड, आणि फोन बंद करून पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

डोंगरवेडा_जालना

टॉवर शोधण्याचा मुद्दा पटला. विमान मोडमध्येही जीपीएस चालू राहतो हे नवीन लोकांसाठी लिहून ठेवतो, पुष्कळांना माहीत नसतं. फक्त अशा वेळी पहिली जागा सापडायला वेळ लागतो, कारण फोन एरवी उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून घेतो.

जुना_मोजणीदार

धागा वाचून राहवलं नाही. ३१ वर्षं मोजणीच्या कामात घालवली, आता निवृत्त आहे. यंत्र कोणतं घ्यावं हे तरुण मंडळींनी ठरवावं. मी फक्त तीन ठिकाणी लोक कुठे फसतात ते सांगतो, कारण या चुका नवीन यंत्र घेतल्याने जात नाहीत.

पहिली चूक अक्षांश-रेखांश लिहिण्याची. एकाने कळवलं १९ अंश ५७.४२ मिनिटं. दुसऱ्याने ते यंत्रात १९.५७४२ अंश म्हणून भरलं. मिनिटांना साठने भागायचं असतं, खरा आकडा १९.९५७ येतो. फरक ४२ किलोमीटरचा! म्हणजे दौलताबादजवळची जागा थेट पैठणच्या वाटेवर जाऊन बसते. ४२ किलोमीटरची चूक निदान लगेच कळते. मिनिटं आणि सेकंदं यांच्या गोंधळात पाचशे-सातशे मीटरची चूक होते, ती कळत नाही आणि तीच कड्यावर नेते. आपल्या गटाने एकच पद्धत ठरवावी आणि सगळ्यांच्या यंत्रात तीच ठेवावी.

दुसरी चूक डेटमची, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार धरून नकाशा बेतलाय त्याची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट (नकाशे) एव्हरेस्ट १८३० या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. जीपीएस मोजतो डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकारावर. जुन्या शीटवरून वाचलेला बिंदू तसाच यंत्रात भरला तर जमिनीवर शे-दोनशे मीटर सरकू शकतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्या वापराव्यात. शीटच्या तळाशी छापलेलं असतं, वाचायची सवय लावून घ्या.

तिसरी खास आपल्या भागातली. जागा मीटरच्या आकड्यांत सांगायच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले आहेत. मराठवाडा जवळजवळ सगळा ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. पण ७८ अंश पूर्व रेखांशाला पट्टा बदलतो. माहूर ४३ मध्ये, किनवट ४४ मध्ये. माहूरहून पूर्वेला निघालात की पूर्वेकडचा आकडा वाढत वाढत ८,१४,००० च्या आसपास जातो आणि पुढच्या पावलाला एकदम १,८६,००० होतो. यंत्र बिघडलेलं नसतं. पट्टा बदललेला असतो. नांदेडच्या मंडळींनी वहीत आकडा लिहिताना आधी पट्टा लिहावा.

जाता जाता एक आठवण. २ मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटरपर्यंतची. त्या दिवशी ती बंद केली. त्याआधी आम्ही एका विहिरीच्या कठड्यावर यंत्र ठेवून तासभर बसायचो आणि ती विहीर नकाशावर सगळ्या शिवारभर फिरायची. आज तुमच्या हातात तीन ते पाच मीटर अचूकता आहे, तिची किंमत ओळखा.

घाटमाथा

काका, मनापासून आभार. माझ्या ई-ट्रेक्समध्ये अंश-मिनिटं आहेत आणि माझ्या मित्राच्या फोनवर दशांश. आम्ही एकमेकांना तोंडी आकडे सांगत होतो आणि आजवर निभावलं हे नशीब. आजच बदलतो.

शिवार_लातूर

विषय जरा वेगळाय, पण इथं जाणती माणसं हायत म्हणून विचारतो. असलं यंत्र घेऊन बांधाची मोजणी करता येईल का? आमच्या शेजाऱ्यानं दोन वर्षांत बांध कोरून कोरून आत आणलाय. तालुक्याला अर्ज करून मोजणी मागवायची तर वेळ लागतो.

जुना_मोजणीदार

नाही भाऊ. हिशेब करून बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, चौकोनी धरला तर एक बाजू साधारण ६३.६ मीटर. एका बाजूला ३ मीटरची चूक झाली की १९० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे इकडचे तिकडे. तुमचं भांडण हात-दोन हातांचं असणार. त्यासाठी भूमी अभिलेखवाले रोव्हर आणतात, तो जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती घेतो आणि सेंटिमीटरमध्ये मोजतो. तेच अधिकृत. हातातल्या यंत्राच्या आकड्यावर कुणाशी वाद घालू नका, तुमचीच बाजू कमकुवत होईल. विहिरीची, बोअरची, ठिबकच्या व्हॉल्व्हची जागा टिपून ठेवायला मात्र ते उत्तम आहे.

शिवार_लातूर

समजलं काका. अर्ज करतो. व्हॉल्व्हचं डोक्यात आलंच नव्हतं, मातीखाली गेलेले चार व्हॉल्व्ह दरवर्षी हुडकत बसतो.

पैनगंगेकाठी

मी किनवटची. आमचा सात-आठ बायकांचा गट आहे, महिन्यातून एकदा चालतो. सहस्रकुंड, माहूरचा परिसर, पैनगंगेच्या काठाची रानं. काकांनी पट्ट्याचं सांगितलं ते वाचून डोळे उघडले, मागच्या वर्षी आमच्या वहीत असे दोन आकडे होते जे कुणालाच जुळवता येईनात.

घाटमाथा दादा, तुम्ही यंत्राबद्दल विचारलंत, पण माझ्या डोक्यातून त्या गुराख्याचा प्रश्न जात नाही. यात आमची वाट दिसती का? नाही ना दिसत. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाचे, राजगडाचे ट्रॅक डझनांनी मिळतात. आपल्याकडे नेटवर शोधलं तर गड तेवढा एक ठिपका म्हणून दिसतो आणि भोवती कोरी जागा. लाख रुपयांचं यंत्र घेतलं तरी त्या कोऱ्या जागेत ते बाणच दाखवणार, आणि बाण सरळ कड्यावरून जातो.

आम्ही काय करतो ते सांगते. प्रत्येक पाणवठ्याचा वेपॉइंट (यंत्रात नाव देऊन टिपलेला बिंदू) घेतो आणि नावात महिना घालतो. झरा असेल तर "झरा फेब्रु हो", "झरा एप्रिल नाही". त्याच झऱ्याला दुसऱ्या महिन्यात गेलो तर टीप बदलतो. तीन वर्षांत आमच्याकडे अशी एकोणसाठ ठिकाणं झाली. कोणतं पाणी प्यायचं, कोणतं फक्त हातपाय धुवायचं, कुठं दगडाखाली ओंजळ खुपसली तरच लागतं, सगळं लिहिलंय. हे कोणत्याच कंपनीच्या नकाशात नसतं. आपल्या भागात माणूस वाट चुकून जितका अडचणीत येत नाही, तितका पाणी संपून येतो.

घाटमाथा

ताई, हे मी बारा वर्षांत केलं नाही. माझ्याकडे वेपॉइंट आहेत, पण "टाकं १", "टाकं २" असे. कोणत्या महिन्यात पाणी होतं ते आता आठवून लिहावं लागेल. ट्रॅकवर तारखा आहेत, त्यावरून बरंच सापडेल.

बालाघाटी

पैनगंगेकाठी ताईंनी कोऱ्या जागेचं म्हटलं त्यात भर घालतो. लोक म्हणतात नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आहेत की, मग कडा कळेलच. नाही कळत. फुकट नकाशांतल्या बहुतेक समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून काढतात, एसआरटीएम म्हणतात तिला. त्यात साधारण ३० मीटरचा एक चौकोन आणि एका चौकोनाला उंचीचा एकच आकडा. अजिंठ्याच्या रांगेचा कडा उभा आहे. वरचं टोक एका चौकोनात आणि पायथा शेजारच्या चौकोनात गेला की मधे नकाशा छान उतार काढून देतो. पडद्यावर बघितलं तर वाटतं, इथून जरा जपून उतरता येईल. जागेवर गेलं तर ताशीव काळा दगड आणि खाली झाडांचे शेंडे.

मी सौताड्याला हे बघितलंय. दरीच्या काठावर उभा होतो, धबधबा समोर, आणि हातातल्या नकाशात मी हलक्या उतारावर होतो. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे, रेषा जिथे जिथे एकमेकींना चिकटतात ती जागा कडाच समजायची आणि ज्या वाटेवरून कुणी चालून गेल्याचा ट्रॅक नाही तिकडून उतरायचं नाही.

दुर्गभ्रमंती_कन्नड

मॉडेलबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी लिहितो, माझ्याकडे तीन यंत्रं होऊन गेलीत.

ई-ट्रेक्स ३२एक्स: तुमच्याच यंत्राचा पुढचा भाऊ. पडद्यावर ठिपके जास्त, ८ जीबी जागा, होकायंत्र आणि बॅरोमीटर आत. तुमच्या २० मध्ये दिशा फक्त चालताना कळते, उभं राहिलं की बाण भरकटतो. ३२एक्समध्ये उभ्या उभ्या कळते. गवतातल्या तिठ्यावर याचा फार उपयोग. २२एक्स घेऊ नका, त्यात ही दोन्ही नाहीत, मग बदलून मिळवलं काय?

ई-ट्रेक्स एसई: २०२३ मध्ये आला. दोन डबल-ए सेलवर कंपनी १६८ तास सांगते. पण पडदा काळा-पांढरा आणि यंत्रात सविस्तर नकाशा घालता येत नाही. नकाशा बघायला फोन जोडावा लागतो. ज्याला ट्रॅकच्या रेषेवर चालता येतं त्याला पुरतो.

जीपीएसमॅप ६५एस: एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकतो. याचा फायदा दरीत. कड्याखाली उभं राहिलं की उपग्रहाचा सिग्नल एकदा सरळ येतो आणि एकदा समोरच्या भिंतीवर आपटून येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटर जास्तीचं अंतर म्हणजे ३३ नॅनोसेकंदांचा उशीर, आणि यंत्राला वाटतं उपग्रहच लांब आहे. एल-५ चा सिग्नल असा आहे की त्यातला आपटून आलेला भाग ओळखता येतो. पितळखोऱ्याच्या लेण्यांसमोर माझ्या जुन्या यंत्राचा ट्रॅक डोंगराच्या आत शिरून परत यायचा. ६५एसचा पायऱ्यांवरून गेला. बॅटरी मात्र १६ तास, ई-ट्रेक्सच्या २५ पुढे कमी.

उघड्या पठारावर दोघांत फरक जाणवत नाही. तुमचं फिरणं पठारावर जास्त की दरीत, यावर ठरवा.

आणि एक कळकळीची सूचना. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं (इन-रीच वगैरे) परदेशातून कुणाकडून मागवू नका. भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि असे मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर लोकांना ताब्यात घेतलंय. साधा जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, म्हणून त्याला ही अडचण नाही.

रानफूल_परभणी

माझ्याकडे वडिलांचं वीस वर्षांपूर्वीचं युनिट आहे. जागा बरोबर दाखवतं, पण तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवतं. टाकून द्यावं का?

जुना_मोजणीदार

टाकू नका. जीपीएस आठवडे मोजतो आणि तो आकडा १०२३ वर संपून पुन्हा शून्यावर येतो. १०२४ आठवडे म्हणजे साडेएकोणीस वर्षं. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या यंत्रांना हे वळण कळत नाही आणि ती तेवढीच वर्षं मागे जातात. जागा मोजण्यावर परिणाम होत नाही, ट्रॅकवरची तारीख आणि सूर्योदयाची वेळ तेवढी चुकते. कंपनीचं नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतली प्रणाली) असेल तर टाका, नसेल तर तारीख वहीत लिहा. वडिलांनी टिपलेले बिंदू त्यात असतील तर आधी ते उतरवून घ्या.

रानफूल_परभणी

आहेत. एकशे दहा. येलदरीच्या भोवतीचे पुष्कळ आहेत. धन्यवाद काका, हे मला फार मोलाचं आहे.

टाकं_आणि_तट

घाटमाथा, चालू झालं का?

घाटमाथा

झालं!! लिंबाच्या रसाने. खोडरबराने पट्टी घासताना हात थरथरत होता. सेल घातले, बटण दाबलं, पाच सेकंद काही नाही, मग पडदा उजळला. अंतूरचा तो अर्धवट ट्रॅक आत सुखरूप आहे.

या दोन आठवड्यांत जे केलं ते लिहितो, कुणाच्या कामी येईल. फर्मवेअर अद्ययावत केलं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या फुकट नकाशावर बेतलेला नवा नकाशा कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरात टाकला, आधीचा २०१६ चा होता आणि त्यात कन्नडच्या पुढचे निम्मे रस्ते नव्हते. बॅटरी टाइपमध्ये अल्कलाइन निवडलेलं होतं आणि मी चार्जिंगचे सेल वापरत होतो. १.२ व्होल्टचा भरलेला सेल त्याला अर्धा दिसायचा. म्हणजे इतकी वर्षं बॅटरीच्या त्या चित्रावर मी विश्वासच ठेवू शकत नव्हतो आणि म्हणून बघणंच सोडलं होतं. आता एनआयएमएच, म्हणजे चार्जिंगचे सेल, हे निवडलं. कमी उतरणारे चार सेल घेतले, निघण्याच्या आदल्या रात्री चारही चार्ज, आणि घरी आल्यावर यंत्रात एकही ठेवायचा नाही. ग्लोनास (रशियाचे उपग्रह) चालू केलं. निघण्याआधी गावातच मोकळ्या आभाळाखाली यंत्र चालू करून चहा होईपर्यंत ठेवायचं, कारण एका उपग्रहाची कक्षेची माहिती उतरायला अर्धा मिनिट लागतो आणि बरेच महिने बंद असलेल्या यंत्राला सगळ्या उपग्रहांचं पंचांग मिळायला साडेबारा मिनिटं.

मग मागच्या रविवारी तीच पोरं घेऊन पुन्हा अंतूरला गेलो. त्याच वाटेने. गवत आता वाळून आडवं झालंय, जमीन दिसते. ऑक्टोबरचा ट्रॅक पडद्यावर ठेवून चाललो आणि आम्ही चुकलो होतो त्या जागी थांबलो. कड्यापासून आम्ही चाळीस पावलांवर होतो. मी मोजली. पोरं गप्प झाली होती.

येताना तो दगडी स्तंभ बघितला, ज्यावर कोणती वाट कुठल्या गावाला जाते ते फारसीत कोरलंय. अनेकदा फोटो काढलेत, या वेळी पहिल्यांदा त्याचा वेपॉइंट घेतला.

गुराखी या वेळी भेटला नाही, पण त्याचे आजोबा भेटले. त्यांना बरोबर घेऊन पठारावरच्या दोन वाटा चाललो, एक ढोरांची पाण्याला जायची आणि एक माणसांची. आजोबा पुढे, मी मागे, दर दहा मीटरला एक बिंदू अशा सेटिंगवर. एका ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, इथं पूर्वी बारव होती, आता बुजली. तेही टिपलं. दोन्ही वाटा घरी येऊन ओपनस्ट्रीटमॅपवर काढल्या. २०२१ पासून नकाशाविषयक नियम सैल झालेत, त्यामुळे अशा कामाला आता आडकाठी नाही. अभयारण्याच्या आतल्या वाटा मात्र टाकल्या नाहीत. गौताळ्यात बिबटे आहेत, २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघही तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता. तिथे वनविभागाला विचारूनच जायचं आणि कुणी आपल्या रेषेवर विसंबून एकटं आत शिरू नये.

३२एक्स यंदा घेत नाही. होकायंत्रासाठी साधं सुई असलेलं घेतलं, दप्तरात बसतं. दरीत उतरायचं वाढलं तर ६५एसचा विचार करीन, दुर्गभ्रमंती भाऊंचा मुद्दा पटलाय.

पैनगंगेकाठी

आजोबांचं वाचून बरं वाटलं. बारवेच्या टिपेत आजोबांनी सांगितलं असं लिहा हं, आणि तारीख. पुढे कुणी शोधायला आलं तर कळेल कुणाकडून आलंय.

घाटमाथा

लिहिलं ताई, आत्ताच.

दुर्गभ्रमंती_कन्नड

वाटा बघितल्या नकाशावर. ढोरांची जी आहे ती नाल्यापाशी तुटलेली दिसते, तिथून पुढे डावीकडे ती वर चढते, मला माहीत आहे. शनिवारी जाऊन जोडतो.

डोंगरवेडा_जालना

फोनवरून चालेल का अशी वाट टिपायला? माझ्याकडे तेवढंच आहे.

दुर्गभ्रमंती_कन्नड

चालेल की. ट्रॅकची जीपीएक्स फाइल काढून द्या, उघड्या पठारावर काही फरक पडत नाही. तुम्ही सुतोंडा करा, नायगावकडून. टाक्यांतलं पाणी बघून महिना लिहा, मार्चनंतरचं आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

डोंगरवेडा_जालना

येत्या रविवारी जातो. पहिल्या टाक्यापाशी पोचलो की वेपॉइंटला "मार्च" लिहितो.